अण्णांची झोप

अण्णांचं घोरणं थांबलं की मला जाग यायची.

घोरण्याची सवय झाली होती. माणूस पिठाच्या गिरणीशेजारीही झोपतो. पण तो आवाज मध्येच तुटला की माझे डोळे आपोआप उघडायचे आणि मी अंधारात आकडे मोजू लागायचो. त्या रात्री त्रेचाळीसपर्यंत गेलो. मग गाडीच्या मागच्या लांब बाकावरून, बुडणाऱ्या माणसानं पाण्याबाहेर तोंड काढावं तसा आवाज आला. अण्णा ताडकन उठून बसले आणि छातीवर हात दाबून धापा टाकू लागले.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई. वांगं बाधलं. झोप तू."

मी तांब्या पुढे केला. दोन घोट पिऊन ते आडवे झाले आणि मिनिटभरात पुन्हा घोरू लागले. मी तसाच बसून राहिलो.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या जानेवारीतली. मी मुक्कामाच्या गाडीवर कंडक्टर होतो. मुक्कामाची गाडी म्हणजे रात्री सड्यापलीकडच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारापलीकडच्या शेवटच्या गावी, वाघजाईवाडीला जायची, तिथंच राहायची आणि पहाटे तिथून पहिली निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडीतच झोपायचं. धोंडिराम मोहिते, म्हणजे आमचे अण्णा, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. आडव्या हाडाचा, पोट सुटलेला, मान जाड असलेला माणूस. तीन वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. त्यांची झोप त्यांच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक होती, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

गावात त्यांच्या घोरण्याची थट्टा चालायची. पारावरचे म्हातारे सकाळी मला म्हणायचे, "मास्तर, रात्री इंजिन बंद करून झोपत जावा की! सरकारचं डिझेल जळतंय." अण्णाही हसायचे. मुक्कामाच्या गावात कंडक्टरला मास्तरच म्हणतात, त्यात माझ्या हातात सदा पुस्तक, त्यामुळे मला ते नाव जरा जास्तच चिकटलं होतं.

पुस्तकांमुळेच पुढचं सगळं झालं. तालुक्याच्या वाचनालयात एका आरोग्याच्या मासिकात मी एक लेख वाचला. काही माणसांचा झोपेत घोरता घोरता श्वास अडतो. मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो, पुन्हा झोप, पुन्हा अडणं, असं रात्रभर चालतं. माणसाला स्वतःला सकाळी काही आठवत नाही. डोकं जड होतं, दिवसा डुलक्या येतात, रक्तदाब चढतो आणि सगळा भार हृदयावर पडतो. मी तो लेख उभ्याउभ्या तीनदा वाचला. प्रत्येक वाक्यात मला अण्णा दिसत होते.

आणि तरी मी बोललो नाही. म्हणजे, एकदा प्रयत्न केला. चहा पिताना म्हणालो, "अण्णा, तुमचं घोरणं एकदा डॉक्टरला..."

"माझा बाप घोरायचा, आजा घोरायचा," अण्णा म्हणाले. "मोहित्यांच्या घरात न घोरणाऱ्याला कुणी पोरगी देत न्हाई."

टपरीवाला हसला, मीही हसलो आणि विषय संपला. मी मनाशी म्हणालो, आपण कोण? अकरावी नापास माणूस. एका मासिकातली दोन पानं वाचून कुणाचं हृदय तपासणारे आपण कोण? आणि दुसरी गोष्ट बिल्ल्याची होती. पंचवीस वर्षांत एकही अपघात न करणाऱ्या चालकाला पंधरा ऑगस्टच्या ध्वजवंदनाला सगळ्या आगारासमोर बिल्ला लावत. अण्णांना त्या बिल्ल्यासाठी वर्षभरही उरलं नव्हतं. मी एक शब्द बोललो असतो तर तपासणी लागली असती, आणि तपासणीत काही निघालं असतं तर अण्णांच्या हातचं चाक गेलं असतं. लग्नात नवरदेवाला मिरवावं तसं त्यांनी त्या बिल्ल्याला मनात मिरवलं होतं.

मग त्यांनीच एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, सड्यावर गाडी लागली की जरा घंटी वाजवत जा. रस्ता सरळ हाय, पहाटेची डुलकी येती. तीन टोल दे. मी हात वर केला की समजायचं, जागा हाय."

घंटीचा एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तीन टोल कुठल्याच नियमात नव्हते. ते आम्हा दोघांचे होते. मी रोज द्यायचो. उतारू विचारायचे, तर मी म्हणायचो, दोरी अडकते. आपण अण्णांना सांभाळून नेतो आहोत असं मला वाटायचं. खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटायचा.

त्या सकाळी आम्ही सहाला निघालो. बावीस उतारू होते. पहिल्याच बाकावर हौसाबाई, भाजीच्या दोन टोपल्या पायांत धरून. ती रोजची. थंडी इतकी होती की काचा आतून घामेजल्या होत्या. अण्णांनी गाडी सुरू करताना दोनदा कपाळ चोळलं.

"डोकं दुखतंय?"

"रोजचंच."

सडा लागला. नऊ किलोमीटर सरळ रस्ता, दोन्ही अंगांना वाळलेलं गवत आणि डाव्या हाताला हळूहळू जवळ येत जाणारी सड्याची कड. पुढे अकरा वळणांचा घाट. मी तिकिटं फाडून झाल्यावर दोरीला हात घातला आणि तीन टोल दिले.

अण्णांचा हात वर झाला नाही.

पुन्हा तीन टोल दिले.

"मास्तर, आज तुमची दोरी लईच अडकाया लागली," हौसाबाई म्हणाली.

मी पुढे सरकलो. समोरच्या आरशात अण्णांचे डोळे दिसले. उघडे होते. पण ते रस्त्याकडे बघत नव्हते. कशाकडेच बघत नव्हते. गाडी डांबर सोडून डावीकडे चालली होती, अगदी हळू, कुणाला कळू नये इतकी हळू. मी एकच टोल दिला. सगळा जोर लावून दिला.

चोवीस वर्षांत अण्णांच्या पायानं त्या एका टोलाला कधी कारण विचारलं नव्हतं. पाय ब्रेकवर गेला. टोपल्या उलटल्या, कुणीतरी ओरडलं, आणि गाडी थांबली. पुढचं डावं चाक गवतात होतं. गवताच्या पुढे चार पावलांवर सडा संपत होता.

"कोण उतरतंय?" अण्णांनी मान न वळवता विचारलं.

सगळे खिडकीबाहेरच्या कडेकडे बघत होते.

"आरं, कोण उतरतंय मास्तर?"

"मी," मी म्हणालो.

आणि मी खरोखर उतरलो. तिकिटांची पेटी काखेत धरून गवतात उभा राहिलो. कंडक्टरच्या डबल घंटीशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नाही, एवढा एकच अधिकार माझ्यापाशी होता, आणि तो वापरायची वेळ यापूर्वी कधी आली नव्हती.

अण्णा त्यांच्या बाजूनं खाली उतरून आले. चाक बघितलं, कड बघितली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खाली आणून म्हणाले, "डोळ्यात काय तरी गेलं. चढ वर. डबल मार."

"नाही, अण्णा."

"न्हाई म्हंजे?"

"गाडी पुढे न्यायची नाही."

"येडा झालास का? घाट उतरला की आलं तालुक्याचं गाव. मागं बाया बसल्यात, बाजाराचा दिवस हाय." मग अजून खाली आवाजात, "मास्तर, साडेसात महिनं राह्यल्यात. मला मारतोस व्हय?"

खिडक्यांतून माणसं बघत होती. एवढ्या माणसांसमोर अण्णांना काय सांगायचं ते मला सुचेना. मी लाजाळू माणूस. लाजाळू माणसाला अडचणीत पहिलं खोटंच सुचतं. मी म्हणालो, "मला बरं वाटत नाही. छातीत दुखतंय."

वाटलं, आता अण्णा घाबरतील, मागून येणाऱ्या गाडीची वाट बघू म्हणतील. झालं उलटंच.

"आधी सांगायचं न्हाई व्हय!" अण्णांनी मला दंडाला धरलं. "चढ! माझ्याजवळ पुढं बस. आरं या की खाली दोघं, धरा मास्तरला! दवाखान्यात पंधरा मिन्टात पोचवतो. घाट असा उतरवतो बघ."

दोन माणसं खाली आली आणि त्यांनी मला उचललंच. कुणी पेटी घेतली, कुणी टोपी. हौसाबाईनं आपल्या पदरानं माझ्या कपाळाचा घाम पुसला. मला पुढच्या बाकावर आडवं केलं. अण्णा जाग्यावर चढले, गाडी मागे घेऊन डांबरावर आणली. अकरा वळणांचा घाट, डोळे उघडे ठेवून झोपणारा माणूस, त्यात आता माझ्यासाठी घाई. मागून कुणीतरी दोरी धरून विचारलं, "मारू का डबल?"

"नको!"

माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. दोरी धरणाऱ्यानं हात खाली घेतला. मी उठून बसलो.

"माझ्या छातीत दुखत नाही. मी खोटं बोललो. अण्णा, तुमच्या छातीत दुखतं. तुमचा श्वास झोपेत बंद पडतो. काल रात्री त्रेचाळीस आकडे होईपर्यंत तुम्ही श्वास घेतला नाहीत. म्हणून तुमचं डोकं दुखतं आणि म्हणून आत्ता तुम्ही झोपला होता."

अण्णा वळले. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला राग म्हणता येणार नाही. भर बाजारात कुणी धोतर ओढावं तसं काहीतरी होतं.

"घोरल्यानं कुणी मरतं व्हय?" मागून एक दूधवाला म्हणाला. "घोरणाऱ्याची झोप लई गाढ असती. माझा चुलता..."

"तुझा चुलता गाडी चालवतो का?" हौसाबाई म्हणाली. तिनं खिडकीतून त्या गवतातल्या चाकोरीकडे बघितलं, मग टोपल्या उचलल्या. "अण्णा, राग मानू नका. माझी दोन नातवंडं हाईत. मी उतरते."

ती उतरली. मग तिच्या मागची बाई. मग एकेक करून सगळे. दूधवाला सगळ्यांत शेवटी उतरला. अण्णा चाकावर हात ठेवून रिकाम्या गाडीत बसून राहिले. मी त्यांच्या मागे उभा होतो. खूप वेळ गेला असं मला वाटलं; घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

"झालं समाधान?" एवढंच ते म्हणाले.

सव्वासातला शेजारच्या गावची गाडी आली. तिच्या चालकानं सगळ्यांना घेतलं आणि आमच्या गाडीसाठी आगारातून दुसरा माणूस पाठवायचं कबूल केलं. दूधवाला राखणीला थांबला. आम्ही चाकांना दगड लावले. वेबिलावर, म्हणजे फेरीच्या नोंदीच्या कागदावर, मी लिहिलं, 'चालक आजारी'. अण्णांनी ते वाचलं आणि उतारू म्हणून दुसऱ्या गाडीत जाऊन खिडकीशी बसले. खाकी कपड्यांतला माणूस असा उतारूंत बसला की विचित्र दिसतो. सगळे त्यांची नजर चुकवत होते. मी दोन बाकं मागे बसलो. सबंध घाटभर मला एकच भीती खात होती: माझं चुकलं असेल तर? खरोखरच डोळ्यात काही गेलं असेल तर? एका मासिकाच्या भरवशावर मी एका माणसाला बावीस जणांसमोर उघडा पाडला होता.

तिसऱ्या वळणाला अण्णांची मान कलली.

घोरणं सुरू झालं. कुणी हसलं नाही. गाडी वळण घेत होती, गिअरचा आवाज, आणि त्यावर ते घोरणं. मग ते तुटलं.

मी मनात मोजत होतो. बाजूला बघितलं तर हौसाबाईचे ओठ हलत होते. पलीकडची म्हातारी बोटांची पेरं मोजत होती. साऱ्या गाडीनं आपला श्वास धरल्यासारखं झालं होतं. पंधरा. वीस. अण्णांची छाती हलायची, पण हवा आत जात नव्हती. ओठ निळसर झाले. तीस.

"आरं, हलवा त्येला!" हौसाबाई ओरडली आणि तिनंच पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारली. अण्णा घुसमटून जागे झाले, छाती धरली, आजूबाजूला बघितलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

हौसाबाईनं हात त्यांच्या खांद्यावरच ठेवला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नलावडे नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी अण्णांचा रक्तदाब घेतला, पट्टा सोडला, पुन्हा बांधून पुन्हा घेतला. मग छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली आणि ती उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"झोप कशी लागते, काका?"

"झकास," अण्णा म्हणाले. "पडलं की झोप."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. घोरणं, थांबणं, आकडे, सकाळची डोकेदुखी, सड्यावरची डुलकी. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

"हे किती दिवसांपासून बघताय?"

"चार महिने तरी."

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितल्याचं मला कळलं. मी वर बघितलं नाही.

डॉक्टरांनी अण्णांना त्यांच्या भाषेत समजावलं. "काका, रात्री श्वास अडला की प्रत्येक वेळी तुमच्या हृदयाला चढावर गाडी ओढल्यासारखा जोर लावावा लागतो. एका रात्रीत शंभर-दोनशे वेळा. तुम्ही झोपलेले असता, ते राबत असतं. त्याची भिंत जाड झाल्यासारखी दिसते, ठोकेही चुकताहेत. आज जिल्ह्याला जायचंच. आणि गाडी चालवायची नाही. आज नाही, उद्याही नाही."

अण्णा वाचले. जिल्ह्याला अकरा दिवस राहिले, मग पुण्याला तपासणी झाली. वजन उतरवलं, तंबाखू सोडली, कुशीवर झोपायची सवय लावून घेतली. काही वर्षांनी त्यांच्या मुलानं रात्री नाकाला लावायचं यंत्र आणून दिलं. त्यांना आगारात टायरच्या गोदामावर काम मिळालं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. त्यानंतरही दहा वर्षं जगले. त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनी दर दिवाळीला माझ्या घरी फराळाचा डबा पाठवत. लोक म्हणत, पोतदार मास्तरनं मोहित्यांना वाचवलं. मी 'छे, छे' म्हणायचो आणि ते त्याला माझा विनय समजायचे.

अण्णा मात्र त्या दिवसानंतर माझ्याशी कामापुरतं बोलले. आगारात समोर आले तर मान हलवायचे, पुढे जायचे. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. बिल्ला गेला ना, म्हणत. माणसाचा मान गेला की तो वाचवणाऱ्यालाही माफ करत नाही, म्हणत. मी ते खोडून काढलं नाही. खोडायचं तर दवाखान्याच्या व्हरांड्यातलं बोलणं सांगावं लागलं असतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही.

डॉक्टर आत जिल्ह्याची चिठ्ठी लिहीत होत्या. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. समोर फाटकापाशी हौसाबाई टोपल्या घेऊन बसली होती. बाजार सोडून ती अण्णांचं काय झालं ते कळायला थांबली होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "अण्णा, माफ करा. तुमचा बिल्ला..."

"बिल्ला गेला खड्ड्यात," अण्णा म्हणाले. "चार म्हैने म्हणालास?"

"हो."

"रोज मोजत हुतास?"

"बहुतेक रोज."

"आणि त्यो हृदयाचा संबंध? त्यो बी ठावं हुता?"

"वाचलं होतं."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. चोवीस वर्षं चाक धरून तळव्यांना घट्टे पडले होते. "मला वाटायचं, पहाटे उठतो म्हणून डुलकी येती," ते म्हणाले. "समद्यांनाच येती. तेवढ्यासाठी घंटी मागितली तुझ्याजवळ. श्वासाचं मला काय ठावं?" मग त्यांनी हनुवटीनं फाटकाकडे दाखवलं. "त्या बाईला चार म्हैने रोज माझ्या गाडीचं तिकीट फाडून दिलंस."

"मला खात्री नव्हती, अण्णा. मी कोण सांगणारा? मी काही डॉक्टर..."

"झोपलेला मी हुतो, मास्तर," अण्णा म्हणाले. "जागा तू हुतास."

आतून डॉक्टरांनी त्यांचं नाव पुकारलं. मी हात द्यायला उठलो. त्यांनी तो घेतला नाही. भिंतीला धरून उभे राहिले आणि एकटेच आत गेले.